करवंदीची जाळी लावताना

दापोली
२० मे

चि. मुग्धास,



तुझं पत्र पोचलं. बोअरला पाणी लागलं, घराचा नकाशा मंजूर व्हायचा आहे, आणि तोवर कुंपण नि झाडं उरकून घ्यायची, हा बेत चांगला आहे. घर बांधून झाल्यावर झाडं लावणारे लोक पहिली पाच वर्षं उन्हात बसतात.

अडचण आहे ती तुझ्या ब्लूबेरीची. नर्सरीवाल्याने फोटो दाखवले, डोंगराळ भागात छान येते म्हणाला, आणि तुझं मन बसलं. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही, डोंगर कुठला ते सांगायचं तेवढं त्याने टाळलं. ब्लूबेरीला आंबट माती लागते, सामू साडेचार ते साडेपाच. तुझी जमीन मुरमाड, पाणी बोअरचं, म्हणजे जड. अशा पाण्याने कुंडीतली आंबवून आणलेली मातीसुद्धा बघता बघता पुन्हा गोडी होते. शिवाय तिला थंडी मोजून हवी. कमी थंडीत फळणाऱ्या म्हणून ज्या जाती विकतात, त्यांनाही हिवाळ्यात दीड-दोनशे तास तरी सात अंशांच्या खालचं हवामान लागतं. तुझ्या भोरच्या जागेत जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते हे खरं, पण अकरा वाजता तू स्वेटर काढून ठेवतेस, आणि झाडाला ते कळतं. पीट आणून, पाण्यात आम्ल घालून, सावली करून ती जगवणारे हौशी लोक आहेत. तू मात्र सोमवार ते शुक्रवार पुण्यात असणार. शनिवारी जाऊन बघशील तर पानं पिवळी.

तेव्हा माझं ऐक आणि करवंद लाव.

हसू नकोस. जागा बघायला आले होते तेव्हा तुझ्या मागच्या टेकडीवर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या दिसल्या होत्या. तुम्ही सगळे मोजणीच्या खुणा शोधत होतात, मी वर बघत होते. हाकेच्या अंतरावर जे झुडूप कुणी न लावता, न शिंपता उभं आहे, त्याला तिथली माती मानवते का, हे विचारायला कृषी अधिकाऱ्याकडे जायला नको. डोंगरात होणारी बेरी हवी होती ना, मग ती दाराशीच आहे. पिकली की काळी, आत गर्द लाल, आणि आंबटगोड चवीत ब्लूबेरीपेक्षा काकणभर सरसच, असं माझं मत. पक्षपाती आहे, असू दे.

आता पहिला निर्णय घ्यायचा तो हा की कुंपण हवंय की फळं. दोन्ही, असं तू म्हणणार. सगळे तेच म्हणतात आणि तिथेच फसतात. करवंदीला फुलं येतात ती नव्या फुटीच्या शेंड्याकडे, झुपक्याझुपक्यांनी. कुंपण म्हटलं की कात्री आली. वरून सपाट, बाजूने सपाट, दोन महिने झाले की पुन्हा. कात्रीत जातात ते नेमके शेंडे. म्हणून बंगल्यांची करवंदीची कुंपणं बाराही महिने हिरवीगार असतात आणि मे महिन्यात त्यात एक फळ सापडत नाही. मालक म्हणतो, जात वांझ आहे. जात वांझ नसते, फुलायच्या फांद्याच कापल्या गेलेल्या असतात.

तुझ्याकडे पाच गुंठे आहेत, तेव्हा वाटणी कर. रस्त्याची बाजू आणि जिकडून गुरं येतात ती बाजू, एवढं कुंपणाला दे. मागच्या उतारावर, जिथे मुरूम उघडा पडलाय आणि तू लॉन करायचं म्हणतेस (त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल), तिथे सुट्या चार-पाच जाळ्या फक्त फळासाठी ठेव. कुंपणाला कात्री, उताराला जवळजवळ नाही.

कुंपणाचं निघालंच आहे तर एक सांगते. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून पार महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. १८६९च्या सुमारास ती २,३०० मैलांची झाली होती आणि पहाऱ्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं होती. आपल्या खानदेशाच्या वेशीवरच्या बुऱ्हाणपूरवरून ती जात असे. नुसती रेषा राखणं जमेना, म्हणून तिच्यावर काट्यांचं कुंपण उभारलं. ते आधी बरंचसं वाळक्या काट्यांचं होतं, वाळवी लागायची, वाऱ्याने उडायचं, वणव्यात जळायचं. अ‍ॅलन ह्यूम त्या खात्याचा आयुक्त झाला तेव्हा त्याने जिवंत कुंपणावर भर दिला. हाच ह्यूम पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापण्यात पुढे होता. त्याने काय केलं, तर विलायतेहून रोपं मागवली नाहीत. जागोजागची माती आणि पाऊस बघून तिथलीच काटेरी झुडपं लावून पाहिली. बोर, बाभूळ, निवडुंग, थोर आणि आपली करवंद. जिथे जे तगलं ते ठेवलं. १८७९ साली सरकारनेच ती रेषा मोडीत काढली. कर वाईट होता, मिठासाठी गरिबाला छळणारा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण झाड निवडायची ह्यूमची रीत बरोबर होती. आणि दुसरं लक्षात घे, एवढं कुंपण राखायला माणसंही तितकीच लागत होती. जिवंत कुंपण लावून मोकळं होता येत नाही.

कुंपणासाठी दोन ओळी धर, त्यांत दीड फुटाचं अंतर, आणि रोपं समोरासमोर न लावता एकाआड एक, दोन-दोन फुटांवर. रोप फूटभर झालं की त्याचा शेंडा निर्दयपणे खुड. ते पुन्हा वाढलं की पुन्हा खुड. इथे मन घट्ट करावं लागतं, कारण सगळ्यांना कुंपण उंच व्हायची घाई असते. शेंडा न खुडता उंच वाढवलेली करवंद वर दाट होते आणि खाली उघडी पडते, मग कुत्री, डुकरं, शेळ्या आरामात खालून येतात. आधी बूड दाट करायचं. उंची आपोआप येते.

उतारावरच्या फळाच्या जाळ्या मात्र आठ-दहा फुटांवर लाव. करवंद सहा-आठ फूट वाढते, आधार मिळाला तर शेजारच्या झाडावरही चढते, आणि तिच्या फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकतात. पायवाट, कपडे वाळत घालायची दोरी, तुझ्या ईशानची खेळायची जागा यांपासून सहा फूट तरी लांब ठेव. हे मी उगीच सांगत नाही. एकदा जून फांदी हातात घेऊन काटा नीट बघ. पानं समोरासमोर जोडीने येतात, जाड, वरून चकचकीत. त्यांच्या बुडाशी काट्यांचीही जोडी. कोवळेपणी हिरवट, टोकाला लालसर, नखाने वाकेल असा. वर्षभरात तोच इंच-दीड इंचाचा होतो, कधी टोकाशी दुभागतो, आणि इतका टणक की रबरी चपलेतून आरपार जातो. कापून टाकलेली फांदी वाळली, पानं गळली, तरी काटा तसाच राहतो. म्हणून छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी गोळा करायच्या. उद्यावर टाकलं की गवतात हरवतात.

रोपं कुठून आणायची? नर्सरीत करवंद मागितलीस तर तीन वेगवेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. एक म्हणजे करिसा. ही दक्षिण आफ्रिकेची, पानं गोलसर, फुलं मोठी, फळ लाल. दिसायला देखणी आहे, फळही खाण्याजोगं असतं, पण ती आपली नव्हे. दुसरी, उत्तरेकडची गुलाबी-पांढऱ्या फळाची करवंद. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने तिच्यातून पंत मनोहर, पंत सुवर्णा, पंत सुदर्शन अशा जाती निवडल्या आहेत. फळ मोठं, झुपके भरघोस, बाजारात चालणारं. केकवर आणि पानात जी लालभडक चेरी म्हणून मिळते, ती पुष्कळदा हीच, साखरेच्या पाकात मुरवलेली आणि रंगवलेली. लोणच्याला उत्तम, झाडावरून तोडून तोंडात टाकायला मात्र मला नाही आवडत. तिसरी आपली काळी, सह्याद्रीतली. तुला ही हवी. मोठं फळ हवं असेल तर इथल्या दापोलीच्या विद्यापीठाची कोकण बोल्ड म्हणून निवड आहे. तिची कलमं मिळतात का ते मी रोपवाटिकेत जाऊन बघते. मिळाली तर या पावसात दोन लावून टाक, म्हणजे उतार अगदी ओका दिसणार नाही.

टेकडीवरची झुडपं उपटून आणायचा विचार तुझ्या निखिलच्या डोक्यात येईल, त्याला आत्ताच थांबव. जमीन वनखात्याची असेल तर तो गुन्हा. आणि नसली तरी उपयोग नाही, कारण करवंदीचं मूळ खडकाच्या भेगेत खोल गेलेलं असतं. आपण वरचा वीतभर भाग तोडून आणतो आणि महिनाभर त्याला पाणी घालत बसतो.

बाकीची रोपं बियांपासून कर. टेकडीवर जा, पण खोऱ्याने नव्हे, पिशवी घेऊन. अजून दहा-पंधरा दिवस फळ आहे. दहा जाळ्यांची करवंदं खाऊन बघ. दोन शेजारच्या जाळ्यांच्या फळांत किती फरक असतो ते बघून तुला नवल वाटेल. एक आंबट ढोण, दुसरी गोड पण चिकट, तिसरीचं फळ बारीक नि नुसती बी. एखादी अशी सापडते की फळ टपोरं, गर भरपूर, आणि पिकल्यावर ओठांना चीक लागत नाही. तिला खूण कर आणि तिच्याच बिया घे. बियांपासून झालेलं झाड अगदी आईसारखं निघेलच असं नाही, पण आंबट जाळीपासून गोडाची आशा धरण्यापेक्षा हे बरं. ईशानला बरोबर ने. फळ दाताने तोडायचं नि आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ त्याला कुणी शिकवला नसेल तर तेवढं शिक्षण राहिलंय असं समज.

बी ताजंच पेरायचं, याला पर्याय नाही. करवंदीचं बी डब्यात घालून पुढच्या वर्षावर ठेवलं की त्याची उगवण्याची शक्ती जाते. पूर्ण काळी, मऊ झालेली फळं पाण्यात कुस्करायची, गर धुऊन टाकायचा, तळाला बसलेल्या चपट्या तपकिरी बिया सावलीत एखादा दिवस सुकवायच्या आणि लगेच पिशव्यांत टाकायच्या. माती, वाळू, कुजलेलं शेणखत सारख्या भागाने घे. बी बोटाच्या पेराहून खोल नको. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. मग मात्र रोप असं काही रेंगाळतं की माणसाचा धीर सुटावा. पहिला पावसाळा संपतो तरी वीतभर नसतं. त्याला युरिया घालून पळवायचा प्रयत्न करू नकोस. खालची मुळं तयार होत असतात, ते आपल्याला दिसत नाही एवढंच. पुढच्या जूनमध्ये ती रोपं जमिनीत जातील. बियांच्या झाडाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं.

एखाद्या खास जाळीचंच फळ हुबेहूब हवं असेल तर गुटी बांधावी लागेल. जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडायची, इंचभर साल गोलाकार काढायची, वाहणारा चीक ओल्या फडक्याने पुसून टाकायचा, भिजवलेलं शेवाळ लावून वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. दोन-अडीच महिन्यांत मुळं फुटतात, सगळ्यांना नाही. पाच बांधल्या तर दोन लागल्या की खूश व्हायचं. नुसती फांदी खोचून करवंद क्वचितच लागते, त्यात वेळ घालवू नकोस.

लावायचं कधी, तर पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाली की. फळाच्या जाळीला दीड-दोन फुटांचा खड्डा पुरे. तो मे महिन्यातच खणून उन्हात तापू दे. भरताना निघालेला मुरूमच परत घाल, त्यात दोन घमेली शेणखत मिसळ. गाळाची काळी माती ट्रॉलीभर मागवायची भानगड करू नकोस. काळ्या मातीत पाणी धरून राहतं, आणि करवंदीला पायात पाणी साचलेलं चालत नाही. बाकी सगळं चालतं. तुझा उतार आहे, पाणी निघून जाईल, त्यामुळे उताराची ती जागा या झाडाला सोन्यासारखी. फक्त ऊन पूर्ण हवं. आंब्याखाली लावलेली करवंद पानांनी भरते, फुलत नाही.

खरी परीक्षा लावल्यानंतर सुरू होते, कारण तेव्हा हात आवरायचा असतो. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी घाल, शनिवारी येशील तेव्हा पुरे. बुंध्याभोवती पालापाचोळा पसर, पण खोडाला टेकवू नकोस, वाळवी येते. तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद. तू म्हणशील, एवढी बोअर मारली आहे, ठिबकची नळी तिथूनच जाते, एक तोटी तिलाही दिली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की हिवाळाभर ओल मिळाली की झाड पालवीच काढत बसतं. करवंद डिसेंबर-जानेवारीत थोडी तहानलेली असली पाहिजे. मग जानेवारीअखेरीपासून फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुपके दिसायला लागतात, लांबट, कधी गुलाबी छटेच्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरीशुभ्र पाच पाकळ्यांची फुलं. संध्याकाळी वास घमघमतो. दिवसा मधमाश्या, तिन्हीसांजेला पतंग. त्या दिवसांत बागेत कुठेही औषध मारू नकोस, गुलाबावरसुद्धा नाही. फळधारणा या किड्यांच्या जिवावर असते. खताचं म्हणशील तर जूनमध्ये झाडामागे घमेलंभर शेणखत, बस. रासायनिक खताचं पोतं दिसलं की निखिलच्या हातून काढून घे.

छाटणीचं नीट समजून घे, कारण फळाच्या जाळीचं सगळं गणित त्यात आहे. छाटायचं फळ संपल्या संपल्या, म्हणजे जूनमध्ये. जुलैअखेरपर्यंत उरकून टाकायचं. त्यानंतर कात्री खुंटीला. पावसात जी फूट निघते ती हिवाळ्यापर्यंत पक्व होते आणि तिच्याच टोकाला पुढचं फूल येतं. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून ऑक्टोबरात झाडं नीटनेटकी करायची आपल्याकडे सवय आहे. करवंदीच्या बाबतीत त्या नीटनेटकेपणाची किंमत म्हणजे एक अख्खा हंगाम.

काय कापायचं? पहिल्या दोन वर्षांत बुंध्यातून निघणाऱ्या फांद्यांपैकी तीन-चार जोरकस निवड, बाकीच्या जमिनीलगत काढून टाक. नाहीतर खऱ्या अर्थाने जाळी होते, आणि मधली फळं पक्ष्यांखेरीज कुणाला मिळत नाहीत. पुढे दर वर्षी वाळलेल्या काड्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या आणि जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या एवढंच काढायचं. मधून ऊन जाईल आणि तुझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी मोकळीक ठेव. शेंडे कापायचे नाहीत. झाड फारच माजलं, दहा-बारा वर्षांनी आत सगळं लाकूडच झालं, तर गुडघ्याएवढं ठेवून सरळ तोड. रानात वणव्याने जळालेल्या जाळ्याही बुंध्यातून पुन्हा फुटतात. एक-दोन वर्षं फळ जाईल, मग पुन्हा सुरू.

छाटताना चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि डोळ्यांना चष्मा. कापलेल्या जागेतून दुधासारखा चीक निघतो. डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. सिकेटरच्या पात्यावर चीक वाळला की ते उघडेना होतं. काम संपल्यावर रॉकेलच्या नाहीतर खोबरेलाच्या बोळ्याने पुसून ठेव.

कीड फारशी नाही. कोवळ्या फुटीवर पिठ्या ढेकूण दिसले तर कडूनिंबाच्या तेलाची फवारणी, मात्र फुलोऱ्याच्या दिवसांत नाही. पावसाळ्यात बोटभर जाडीची हिरवीगार अळी दिसेल, डोक्याच्या मागे निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके. ती कण्हेरीवरही असते. चार पानं खाईल, खाऊ दे. तिचा पतंग फार सुंदर होतो, ईशानला दाखव. शेळ्यांचं मात्र सांभाळ. मोठ्या झाडाला त्या फारसं काही करू शकत नाहीत, पण कोवळ्या रोपाचा फन्ना उडवतात. पहिली दोन वर्षं भोवती बाभळीच्या फांद्या रचून ठेव. बुलबुलांसाठी जाळं टाकू नकोस. काट्यांत जाळं अडकतं आणि जाळ्यात बुलबुल. वरची फळं त्यांची, खालची आपली, असा हिशेब ठेवलास की भांडण नाही. शिवाय त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपं कुंपणाच्या कडेने आपोआप उगवतात, फट पडली तर तीच उचलून लावायची.

फळ एकदम पिकत नाही. एप्रिलअखेरपासून दर तीन-चार दिवसांनी फेरी मारावी लागते. लालसर झालेलं सोडायचं, काळंभोर आणि बोटाला किंचित दबणारं तेवढं घ्यायचं. देठाशी दुधाचा थेंब येतो, म्हणून पातेल्यात पाणी घेऊनच तोडायला जा आणि फळं त्यात टाक. पिकलेलं फळ दोन दिवस टिकतं, फार तर तीन. कर्जत-कसाऱ्याला, लोणावळ्याच्या घाटात ज्या बायका पानाच्या द्रोणांतून करवंदं विकतात, त्या पहाटे अंधारात रानात गेलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत माल संपवावाच लागतो, तो यामुळे. स्वतः एक पातेलं भरून बघ, मग त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणार नाहीस. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की उरलेलं फळ फुटतं, आंबतं, आत किडे होतात. तेवढं झाडावरच राहू दे.

सगळी पिकायची वाट बघू नकोस. एप्रिलमध्ये हिरवी, करकरीत असतानाच चौथा हिस्सा उतरवून लोणचं घाल. हाताला तेल लावून एकेक करवंद अर्धं कापायचं, सुरीच्या टोकाने बी उकरायची आणि फोड मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे चीक सुटतो आणि ती काळी पडत नाही. तासाभराने निथळून फडक्यावर कोरडी करायची. मग मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, मीठ, थोडा गूळ, वरून गार केलेली फोडणी. कैरीच्या लोणच्यापेक्षा हे लवकर मुरतं. पिकलेल्या फळांचं सरबत कर, जेली कर. करवंदात पेक्टिन भरपूर, वेगळं काही घालावं लागत नाही, साखरेबरोबर उकळलं की आपसूक धरते. रंग असा येतो की बाटली खिडकीत ठेवावी. तुझ्या ब्लूबेरीच्या जॅमला जो रंग यायला हवा होता, तोच.

बिया तुला इथूनच पाठवायच्या म्हणत होते, पण टपालात चार दिवस गेले तर बुरशी धरेल. पुढच्या रविवारी तुझे काका पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर आमच्या गडग्याकडच्या जाळीची पिकलेली फळंच देते, अख्खी. अर्धी खा, अर्धी त्याच रात्री कुस्करून ठेव. पिशव्या आणि माती आधी तयार असू दे.

निखिलला आशीर्वाद, ईशानला गोड पापा.

तुझी
आत्या

ता. क. तुझ्या प्लॉटच्या फाटकाशी पिवळी कण्हेर आहे, बिट्टी म्हणतात ती. तिच्याबद्दल लिहायचं राहिलं. करवंद आणि ती एकाच कुळातली, दोघींना पांढरा चीक. तिचं फळ आकाराने मोठं आणि तिरपं चपटं असतं, पण तेही हिरव्याचं काळं होतं, आणि त्यातलं बी माणसाचा जीव घेतं. तू ईशानला झाडावरची काळी फळं तोडून खायला शिकवणार, तेव्हा ही त्या जागेत नको. कुंपणाची आखणी करायच्या आधी मुळासकट काढून घे, फांद्या जाळू नकोस, खोल खड्ड्यात पुरून टाक, आणि खाली पडलेल्या बिया हातमोजे घालून वेच.